दोन मुलं, एक गाडी आणि न्यूझीलंडचं दक्षिण बेट: आखणीच्या नोंदी

आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा. परदेशात स्वतः गाडी चालवत मुलांना घेऊन फिरायची ही आमची पहिलीच वेळ. शाळेत जाणारी मुलं बरोबर घेऊन कुणी अशी सहल आखत असेल, तर आमचा वेळ आणि पैसा कुठे गेला ते त्यांना आधीच कळावं, म्हणून या नोंदी.

१७ ऑक्टोबर

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पहिली आखणी केली. बारा दिवसांत दोन्ही बेटं. ऑकलंडला उतरायचं, वेलिंग्टनहून साडेतीन तासांच्या फेरीबोटीने पिक्टन गाठायचं, पश्चिम किनाऱ्याने हिमनद्या बघत क्वीन्सटाउन, मग मिलफर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, बोटीतून बघायची), शेवटी ख्राइस्टचर्च. अंतरांची बेरीज २,६०० किलोमीटर झाली. रोजचे सव्वादोनशेच्या आतच पडतात, म्हणून कुणालाच ते जास्त वाटलं नाही. तारखा १४ ते २६ एप्रिल. थोरलीने ठिकाणांची नावं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. सगळ्यात वर ‘हिमनदी’, आणि तिच्याभोवती चौकट.

९ नोव्हेंबर

मुक्कामाच्या जागा शोधायला बसले आणि पहिलाच धक्का बसला. एप्रिलमध्ये तिथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. ईस्टर बहुधा त्याच सुमारास येतो आणि २५ तारखेला अँझॅक डे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची सुट्टी. म्हणजे आपली मुलं मोकळी असतात तेव्हा तिथलीही मुलं मोकळी. टेकापोला (ख्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउनच्या वाटेवरचं तळ्याकाठचं गाव) चौघांची खोली बहुतेक ठिकाणी शिल्लकच नव्हती, जिथे होती तिथे भाडं जवळपास दुप्पट. गुड फ्रायडेला दुकानं बंद असतात आणि अँझॅक डेला दुपारी एकपर्यंत, हेही आजच कळलं. मुलांना घेऊन भर दुपारी एखाद्या गावात पोचावं आणि किराणा मिळू नये, हे परवडणारं नव्हतं.

तारखा पुढे ढकलल्या: २८ एप्रिलला निघायचं, ११ मेला परत. मुलांचे शाळेचे काही दिवस बुडतील, पण भाडी एकदम उतरली. वर्गशिक्षिकांशी बोलून परवानगी घेतली.

हे करताना उजेडाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही. रात्री नवऱ्याने सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून दाखवल्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मेच्या सुरुवातीला दक्षिणेकडे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. मी आखणी केली होती ती लोकांचे डिसेंबर-जानेवारीतले फोटो बघून, तेव्हा रात्री नऊनंतरही उजेड असतो. आमच्या हातात दिवसाचे जेमतेम दहा तास. अनोळखी डोंगरी रस्त्यावर मुलांना घेऊन अंधारात गाडी चालवायची नाही, एवढं एकमताने ठरलं.

२३ नोव्हेंबर

कॅम्परव्हॅन ठरवली. सहा जणांची, आत स्वयंपाकघर, झोपायची सोय. मुलं दिवसभर उड्या मारत होती. २५० डॉलर भरले. (या नोंदींत डॉलर म्हणजे न्यूझीलंडचे डॉलर.)

४ डिसेंबर

व्हॅन रद्द केली. २५० डॉलर परत मिळणार नाहीत.

कारण सविस्तर लिहिते, कारण व्हॅनच्या जाहिरातीत हे सापडत नाही. न्यूझीलंडमध्ये सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटवर बसवणं सक्तीचं आहे. सात वर्षांच्या मुलासाठी गाडीत तशी सीट असेल तर ती वापरावीच लागते, आठनंतर नुसता पट्टा चालतो. पण तो पट्टा खांद्यावरून नीट बसावा म्हणून १४८ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर (मुलाला उंच बसवणारी जादा सीट) वापरावा असा तिथला सल्ला आहे. थोरलीला दाराच्या चौकटीपाशी उभं करून मोजलं, १३८ भरली. म्हणजे बूस्टर दोघांनाही हवेत. बूस्टरला कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा लागतो. आम्ही घेतलेल्या व्हॅनमध्ये मागच्या टेबलाशेजारच्या बाकांना नुसता कमरपट्टा होता. झोपायला सहा जण मावत होते, पण आमची दोन मुलं तिच्यात सुरक्षित बसू शकत नव्हती. हा प्रश्न पैसे भरण्याआधी एका ओळीच्या मेलमध्ये विचारता आला असता. ‘किती जण झोपतील’ यापेक्षा ‘तीन-टोकी पट्ट्याच्या जागा किती आणि कुठे’ हे आधी विचारा.

शिवाय ती व्हॅन डिझेलची होती. तिथे साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल गाडीला दर १,००० किलोमीटरमागे ७६ डॉलर रस्ता-कर पडतो आणि तो भाड्याच्या आकड्यात धरलेला नव्हता.

आता साधी पेट्रोल स्टेशन वॅगन आणि रात्री मोटेल किंवा हॉलिडे पार्कातली केबिन. दोन्हींकडे बहुधा छोटं स्वयंपाकघर असतं. धाकटा रडला. त्याला वरच्या बर्थवर झोपायचं होतं. बंक बेड असलेली केबिन शोधते असं त्याला सांगितलं, आणि वानाकाला ती मिळालीही.

१५ डिसेंबर

आज रंगीत तालीम. आमच्याच गाडीत, नकाशावर बरोबर तीन तासांचा दिसणारा, निम्मा घाटाचा रस्ता निवडला. दोन्ही मुलं मागे, बूस्टरवर. घड्याळ लावून प्रत्येक थांबा लिहिला.

८:४० निघालो. ९:३५ धाकट्याला शू. १०:१० घाट सुरू. १०:२५ थोरली पुस्तक वाचत होती ते बंद करायला सांगितलं, तिचा चेहरा उतरला होता. १०:३२ ‘आई, पोटात कसंतरी होतंय,’ आणि मी मागे पिशवी देईपर्यंत धाकट्याला उलटी झाली. पिशव्या डिकीत होत्या. कपडे, बूस्टरचं कापड, सगळं भरलं. अर्धा तास रस्त्याकडेला गेला. ११:५० खाणं. मग वळणं संपेपर्यंत दर वीस मिनिटांनी ‘अजून किती?’ पोचलो १:३० ला.

तीन तासांच्या रस्त्याला चार तास पन्नास मिनिटं. म्हणजे नकाशावरच्या वेळेच्या १.६ पट. मी हा आकडा बराच वेळ बघत बसले. सगळी आखणी नकाशाच्या तासांवर उभी होती आणि ते तास एकट्या, न थांबणाऱ्या माणसाचे होते.

बदल असे केले: पिशव्या, ओले टिश्यू आणि एक जादा कपड्यांचा जोड पुढच्या सीटच्या पाठीमागच्या खिशात. घाटात पुस्तक आणि स्क्रीन बंद, समोरच्या रस्त्याकडे बघायचं. निघण्याआधी हलकंच खायचं. दर पाऊण तासाने, कुणी मागो न मागो, थांबायचं. धाकट्याला उलटी झाली तीही ५७ मिनिटं न थांबता गेल्यावर.

२२ डिसेंबर

नवा नियम: कोणत्याही दिवशी नकाशावर तीन तासांहून जास्त रस्ता नाही, आणि मुक्काम हलवल्यावर दुसऱ्या दिवशी शक्यतो हलायचं नाही.

जुन्या आखणीला तो लावला. फ्रान्झ जोसेफहून हास्ट खिंडीमार्गे वानाका, सुमारे २८५ किलोमीटर, नकाशावर पावणेचार तास. १.६ ने गुणले तर सहा तास. दहा तासांच्या उजेडातले सहा गाडीत. उत्तर बेट गेलं, फेरीबोट गेली, पूर्ण पश्चिम किनारा गेला.

पश्चिम किनारा काढायचा म्हणजे फ्रिजवरची चौकटीतली हिमनदी काढायची. थोरलीला मी हे परस्पर सांगणार नव्हते. तिच्याच हातात कॅल्क्युलेटर दिला आणि एकेक दिवसाचे तास तिलाच काढायला लावले. तिने सहाचा आकडा बघितला, काही बोलली नाही, आतल्या खोलीत निघून गेली. संध्याकाळी नकाशा घेऊन परत आली. आओराकी-माउंट कुक आपल्या वाटेवरच आहे, आणि तिथे टास्मन हिमनदी आहे, न्यूझीलंडमधली सगळ्यात लांब. ब्लू लेक्सची वाट चाळीस मिनिटांत जाऊन-येऊन होते आणि वरून हिमनदीचं तळं दिसतं, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. कागदावर ‘फ्रान्झ जोसेफ’ खोडून तिने ‘टास्मन’ लिहिलं. चौकट तशीच ठेवली.

उरलेला मार्ग: ख्राइस्टचर्च, टेकापो (सुमारे २२५ कि.मी.), आओराकी (१०५), लिंडिस खिंडीतून वानाका (२१०), ‘ते आनाउ’ नावाचं गाव (२३०), तिथून मिलफर्डला जाऊन-येऊन, आणि क्वीन्सटाउन (१७०). परतीचं विमान क्वीन्सटाउनहून. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे १५० डॉलर जादा पडले. ते न देता ख्राइस्टचर्चला परत जायचं तर आणखी ४८० किलोमीटर. हे १५० डॉलर मी आनंदाने दिले.

११ जानेवारी

या आखणीतली सगळ्यात महाग चूक आज सापडली. व्हिसाचा अर्ज भरत होते. न्यूझीलंडमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. थोरलीचा ३० जुलैला संपतो. जुन्या तारखांप्रमाणे, २६ एप्रिलला निघालो असतो तर तो पुरत होता, आणि ऑक्टोबरमध्ये मी तसं तपासून खूण केली होती. तारखा पुढे नेल्या तेव्हा ती खूण पुन्हा तपासली नाही. आता ११ मेला निघायचं आणि पासपोर्ट बारा दिवसांनी कमी. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांच्या मानाने कमी वर्षांचे असतात, त्यामुळे घरात सगळ्यात आधी तेच संपतात.

नवा पासपोर्ट येईपर्यंत व्हिसाचं सगळं थांबलं.

६ फेब्रुवारी

पासपोर्ट आला. सव्वीस दिवस गेले. दरम्यान विमानाची तिकिटं चौघांची मिळून साधारण ३४० डॉलरने चढली, कारण व्हिसाची खात्री होईपर्यंत ती काढायची नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. ते ठरवणं मला अजूनही बरोबरच वाटतं.

अर्जाला जोडलेला जो कागद इंग्रजीत नाही, त्याचं प्रमाणित भाषांतर लागतं. धाकट्याच्या जन्मदाखल्याचं करून घेतलं, चार दिवस. पर्यटकांवरचा आंतरराष्ट्रीय कर १ ऑक्टोबर २०२४ पासून डोई १०० डॉलर आहे. तो आमच्या पहिल्या खर्चाच्या यादीत ३५ धरलेला होता, जुन्या माहितीवरून.

२ मार्च

व्हिसा मिळाला. गाडीही पक्की केली. करारात तीन गोष्टी बघितल्या. अपघात झाला तर पहिले किती डॉलर आपले: आमच्या करारात ४,०००, रोज थोडे जास्त भरून शून्यावर आणले. अनामत क्रेडिट कार्डावरच अडकवतात, डेबिट चालत नाही, आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. आमचं कार्ड माझ्या नावाचं आणि करार नवऱ्याच्या नावाचा होता. मुख्य चालक म्हणून माझं नाव घातलं. तिसरं, कोणत्या रस्त्यांवर विमा चालत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता त्यात होता.

प्रवास विमा वेगळा घेतला. तिथे अपघातात झालेल्या दुखापतीच्या उपचारांना एसीसी नावाची सरकारी योजना पाहुण्यांनाही मदत करते, पण आजारपणाला नाही. मुलं आजारीच जास्त पडतात.

१६ मार्च

आज आम्ही टेबलावर एकेरी पूल शिकलो. न्यूझीलंडमध्ये मुख्य रस्त्यांवरही एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल आहेत. मुलांच्या दोन छोट्या गाड्या, पूल म्हणून फूटपट्टी, आणि थोरलीने रंगवलेल्या पाट्या. लाल कडेची पांढरी गोल पाटी, आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल: आपण थांबायचं. निळी चौकोनी पाटी, आपला बाण मोठा आणि पांढरा: आधी आपण, पण समोर बघूनच. धाकटा प्रत्येक वेळी पाटी बघून ओरडत होता, ‘बाबा, थांबा!’ अर्ध्या तासात मी आणि नवरा दोघंही न चुकता थांबायला लागलो.

५ एप्रिल

मिलफर्डचा दिवस पुन्हा मांडला, आणि बरं झालं. बोट मी दुपारी एकची घेतली होती. दोन तासांची फेरी, म्हणजे तीन वाजता परत. ते आनाउपर्यंतचे ११८ किलोमीटर मुलांच्या हिशेबाने तीन तासांहून जास्त, आणि साडेपाचला अंधार. बाराच्या सुमाराची बोट घेतली. सव्वाआठला उजेड होताच निघायचं, सगळे थांबे जाताना घ्यायचे, येताना एकच. बोट बदलायला पैसे पडले नाहीत. आणखी एक: त्या दिवसानंतर एक पूर्ण दिवस ते आनाउला मोकळा ठेवला. तो रस्ता पावसाने किंवा हिमकडे कोसळण्याच्या धोक्याने बंद होतो. मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या बरोबर ठेवाव्या लागू शकतात, त्या ते आनाउमध्ये भाड्याने मिळतात. पेट्रोलही तिथेच भरून घ्यायचं, आणि पुढे बहुतेक रस्त्यावर फोनला रेंज नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवला.

२० एप्रिल

बूट. थोरलीच्या ट्रेकच्या बुटांच्या तळव्याच्या खाचांत गेल्या पावसाळ्यातली माती वाळून बसली होती. न्यूझीलंडला अशी माती, बी-बियाणं, मध, ताजी फळं नेता येत नाहीत. लपवलं किंवा विसरलं तरी ४०० डॉलर दंड. दोघी मिळून बाल्कनीत जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन बसलो. तिने एका खाचेतून गवताचं एक कुसळ काढलं आणि तळहातावर ठेवून मला दाखवलं. दीड तास लागला. धाकट्याच्या दप्तराच्या तळाशी एक सुकलेलं फळही सापडलं. सगळ्या पिशव्या उलट्या करून झटका.

२९ एप्रिल, ख्राइस्टचर्च

पोचलो. बूट आणि खाऊ दोन्ही देशात शिरतानाच्या अर्जात लिहिले होते. अधिकाऱ्याने बूट उलटे करून तळवे पाहिले आणि परत दिले. थोरलीने माझ्याकडे बघितलं. आज आणि उद्या गाडी चालवायची नाही, झोप पूर्ण करायची.

१ मे, टेकापो

नकाशावर तीन तास, आम्हाला चार तास पस्तीस मिनिटं. उलटी नाही. बूस्टर गाडीत तयार होते, पण एकाचा खांद्याचा पट्टा अडकवायचा हूक तुटलेला निघाला. गाडी ताब्यात घेतानाच प्रत्येक बूस्टर बसवून, त्यावर मुलाला बसवून बघा. बदलून घ्यायला पाऊण तास गेला. रात्री ढग नव्हते. हा भाग २०१२ पासून अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे गावातले दिवेही मंद आणि खाली वळवलेले. धाकटा झोपला होता, त्याला उठवून अंगणात नेलं.

४ मे, आओराकी

ब्लू लेक्स. पायऱ्या बऱ्याच आहेत, धाकट्याला शेवटच्या थोड्या उचलून घ्यावं लागलं. वरून करडं तळं आणि त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे दिसले. हिमनदीचं टोक दगडमातीने झाकलेलं, राखाडी. थोरलीला पांढरी शुभ्र हवी होती, तिने ते स्पष्ट सांगितलं. मग बराच वेळ वाऱ्यात उभी राहून चित्र काढत बसली, खाली उतरायला तयार नव्हती. पुढचं काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे घाई करावी लागली नाही.

८ मे, ते आनाउ

रात्रभर पाऊस. सकाळी सात वाजता मिलफर्डचा रस्ता बंद. बोट उद्यावर ढकलून मिळाली. तळ्याकाठच्या पक्षी अभयारण्यात गेलो, प्रवेश मोफत. तिथे ताकाहे आहे, कोंबडीहून मोठा, निळा-हिरवा, न उडणारा पक्षी. तो नामशेष झाला असं लोक धरून चालले होते, आणि १९४८ मध्ये या तळ्यापलीकडच्या मर्चिसन डोंगरांत तो पुन्हा सापडला. धाकटा कुंपणापाशी छत्री घेऊन चाळीस मिनिटं उभा होता. पक्षी गवताचं पातं पायात धरून खात होता.

९ मे

रस्ता उघडला. साखळ्या डिकीत, लावाव्या लागल्या नाहीत. ८:२० निघालो, ११:३५ धक्क्यावर. होमर बोगद्यानंतरच्या उतारावर धाकट्याने पिशवी मागितली, ती हाताशी होती, वापरावी लागली नाही. परत पावणेपाचला, उजेड असताना.

१० मे, क्वीन्सटाउन

गाडी परत दिली. मीटरवर १,२९० किलोमीटर. चुकांचा हिशेब: व्हॅनचे २५०, तिकिटांचे ३४०. बूस्टरचं भाडं दोघांचं मिळून ९६ आणि साखळ्यांचं ४५, ते खर्च होतेच. मोडक्या हुकाची तक्रार काउंटरवर लेखी दिली, म्हणजे तो बूस्टर पुढच्या मुलाला दिला जाणार नाही.